सेलमच्या दप्तरातून : एका विद्यार्थिनीच्या वाचननोंदींना प्रस्तावना

सेलमच्या खटल्यांबद्दल मराठी वाचकाला साधारण दोन गोष्टी ऐकून माहीत असतात. अमेरिकेत कधीकाळी चेटकिणी म्हणून बायकांना जिवंत जाळलं, ही एक. आणि आर्थर मिलरचं ‘द क्रूसिबल’ हे नाटक, ही दुसरी. पहिली गोष्ट खरी नाही. सेलममध्ये कुणालाही जाळलं गेलं नाही. मॅसॅच्युसेट्स ही इंग्रजांची वसाहत होती आणि इंग्रजी कायद्यात चेटकाची शिक्षा फाशी होती. १६९२ च्या जूनपासून सप्टेंबरपर्यंत तिथे १९ जणांना फाशी दिली गेली. त्यांत १४ स्त्रिया आणि ५ पुरुष. जाइल्स कोरी या ऐंशीच्या घरातल्या शेतकऱ्याने खटल्याला सामोरं जायलाच नकार दिला, म्हणून अंगावर दगड रचत नेऊन त्याचा जीव घेतला. निदान पाच माणसं तुरुंगात मेली. आरोप झालेल्यांची संख्या दीडशेच्या वर आहे. नाटकाचं म्हणाल, तर ते १९५३ सालचं आहे आणि मिलरला त्यात कम्युनिस्ट हुडकणाऱ्या सिनेटर मॅकार्थीच्या काळातल्या अमेरिकेबद्दल बोलायचं होतं. त्यासाठी त्याने अकरा वर्षांच्या ॲबिगेल विल्यम्सला सतरा वर्षांची केली, साठीच्या जॉन प्रॉक्टरला तिशीत आणलं आणि दोघांमध्ये संबंध रचले. नाटककाराला तेवढी मोकळीक असते. पण त्यामुळे खरी ॲबिगेल आणि खरा प्रॉक्टर आपल्या नजरेआड झाले, हेही खरं.

पुढच्या पानांतल्या नोंदी इतिहासाच्या पदव्युत्तर वर्गात शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीच्या आहेत. युरोपातल्या चेटूक-खटल्यांवर वर्गात वाचन लावलं होतं. साधारण १४५० ते १७५० या काळात तिकडे चाळीस ते साठ हजार माणसं या आरोपाखाली मारली गेली, असा आज इतिहासकारांचा अंदाज आहे. एवढा आकडा समोर आला की वाचणारा सुन्न होतो आणि पान उलटतो. ही मुलगी उलटून गेली नाही. तिने एकच लहान गाव निवडलं, ज्याचं कोर्टाचं दप्तर बऱ्यापैकी शाबूत राहिलं आहे. अटकेची वॉरंटं, जबान्या, साक्षी, गावकऱ्यांचे अर्ज, जेलरची बिलं, असं सगळं ती एकामागून एक वाचत गेली. जुनी इंग्रजी, शब्दाशब्दाला बदलणारं शुद्धलेखन, आणि वर्ष २५ मार्चला सुरू करण्याची त्या काळची पद्धत. त्यामुळे १ मार्च १६९२ च्या कागदावर १६९१ लिहिलेलं असायचं. या सगळ्यातून वाट काढत तिने नोंदी केल्या आहेत.

नोंदींच्या पहिल्या भागात एकच प्रश्न फिरून फिरून येतो : शिकलीसवरलेली माणसं असल्या गोष्टींवर विश्वास तरी कसा ठेवत होती? पुढे हा प्रश्न मागे पडतो आणि बारीकसारीक प्रश्न येऊ लागतात. तक्रार कुणी केली? सही कुणाची? लिहून कोण घेत होतं? आरोपीला उत्तर द्यायला सवड मिळाली का? या नोंदी छापल्या पाहिजेत असं मला वाटलं, ते या बदलामुळे.

प्रकरण सुरू झालं सेलम व्हिलेजमध्ये, म्हणजे आजच्या डॅनव्हर्स गावात, सॅम्युअल पॅरिस या पाद्र्याच्या घरी. १६९२ च्या हिवाळ्यात त्याची नऊ वर्षांची मुलगी बेटी आणि भाची ॲबिगेल यांना झटके येऊ लागले. त्या किंचाळत, अंग वाकडंतिकडं करत, कुणीतरी चिमटे काढतंय म्हणून सांगत. ही सैतानी बाधा आहे असं ठरलं. शेजारच्या एका बाईने उतारा सुचवला : राईच्या पिठात मुलींचं मूत्र कालवून भाकर करायची आणि कुत्र्याला घालायची. ती पॅरिसच्या घरातल्या गुलाम जोडप्याने, टिट्युबा आणि जॉन यांनी, भाजली. २९ फेब्रुवारीला तिघींवर वॉरंट निघालं. टिट्युबा; दारोदार मागून खाणारी सारा गुड; आणि आजारपणामुळे बरेच दिवस चर्चला न गेलेली सारा ऑसबोर्न. तिघींच्या मागे उभं राहणारं गावात कुणी नव्हतं. तक्रारीवर सह्या करणाऱ्या चार पुरुषांमध्ये टॉमस प्रेस्टन नावाचा एक जण होता. महिनाही उलटला नाही तोच त्याच्या सासूवर, रिबेका नर्सवर, हाच आरोप ठेवून तिला अटक झाली. विद्यार्थिनीने या जागी समासात नुसतं एक उद्गारचिन्ह काढलं आहे. मी ते तसंच ठेवायला सांगितलं.

सारा गुडची १ मार्चची चौकशी या नोंदींमध्ये सगळ्यांत सविस्तर आली आहे, आणि ते योग्यच आहे. खाणावळीत चौकशी ठेवली होती, पण गर्दी इतकी लोटली की सगळं चर्चच्या सभागृहात हलवावं लागलं. मॅजिस्ट्रेट जॉन हॅथॉर्नचा पहिलाच प्रश्न असा की तिचा कोणत्या दुष्ट आत्म्याशी घरोबा आहे. आहे का, असं नाही, कोणत्या. ती म्हणते, कोणत्याच नाही. सैतानाशी करार केलास ना? नाही. मग या मुलांना त्रास का देतेस? देत नाही. मग हॅथॉर्न मुलींना तिच्याकडे बघायला सांगतो, त्यांना झटके येतात, आणि तो विचारतो की आता तरी खरं का सांगत नाहीस. लोकांच्या दारातून जाताना काय पुटपुटतेस, असंही विचारतात. आधी ती म्हणते, देवाच्या आज्ञा म्हणते. मग म्हणते, स्तोत्र. शेवटी, तू नाहीस तर कोण, असा प्रश्न आल्यावर ती ऑसबोर्नचं नाव घेते. नवऱ्याला विचारतात. विल्यम गुड सांगतो की ही चेटकीण आहे किंवा लवकरच होईल अशी मला धास्ती वाटते. प्रत्यक्ष काही पाहिलंस का? तसं काही पाहिलेलं नाही. तिची माझ्याशी वागणूक वाईट आहे, एवढंच.

हे लिहून घेत होता एझेकिएल चीव्हर. आरोपीची उत्तरं नोंदवून झाल्यावर त्याने आपल्या पदरचा शेरा जोडला आहे की तिची उत्तरं दुष्टपणाची आणि द्वेषाची होती आणि ती अधिकाऱ्यांना उलटून बोलत होती. विद्यार्थिनीने एक साधा उद्योग केला. या जबानीची हाताने नक्कल उतरवली आणि चीव्हरचे शेरे, विशेषणं पेन्सिलीने खोडून कागद पुन्हा वाचला. उरली ती एक अंगावर आलेली, गांगरलेली, चिडलेली बाई, जी प्रत्येक वेळी नाही म्हणते आहे. दप्तर कसं वाचावं हे मी वर्गात बरीच वर्षं सांगत आलो आहे. इतक्या थोडक्यात ते कुणी करून दाखवलेलं मला आठवत नाही.

टिट्युबाने आधी इन्कार केला आणि मग कबुली दिली. काळ्या कपड्यांतला उंच माणूस, पिवळा पक्षी, काठीवर बसून केलेला प्रवास, आणि सैतानाची वही, जिच्यात सह्यांच्या नऊ खुणा तिने पाहिल्या. या नऊ खुणांनी गावाची झोप उडवली. तिघी हाती लागल्या होत्या, म्हणजे अजून सहा जण कुठेतरी मोकळे होते. आणि टिट्युबाला फाशी झाली नाही. पुढच्या काही महिन्यांत पन्नासच्या आसपास लोकांनी कबुली दिली आणि कबुलीवर ठाम राहिलेल्या एकालाही फासावर चढावं लागलं नाही. सॅम्युअल वॉर्डवेलने कबुली दिली, मग ती मागे घेतली आणि तो मेला. खोटं बोललं तर जीव वाचतो आणि खरं बोललं तर जातो, असा हिशेब कोर्टानेच लोकांसमोर मांडून ठेवला होता. कबुली द्यायची तर बाकीची नावंही सांगावी लागत. आरोपींचा आकडा कसा फुगत गेला याचं कोडं इथेच सुटतं.

जेलरच्या बिलांवरची नोंद वाचकाने सावकाश वाचावी. बोस्टनचा जेलर जॉन आर्नल्ड हिशेबात लिहितो : सारा गुड आणि सारा ऑसबोर्नसाठी साखळ्या, १४ शिलिंग. प्रत्येक कैद्याच्या पोटापाण्याचा आकार आठवड्याला अडीच शिलिंग. ऑसबोर्नचा हिशेब १० मेला थांबतो, कारण त्या दिवशी ती तुरुंगात मेली. सारा गुडच्या कुशीत तान्हं मूल होतं, तेही तुरुंगातच गेलं. तिला १९ जुलैला फाशी दिली. आणि तिची थोरली मुलगी डॉरथी, वय चार-पाच वर्षं, मार्चमध्ये पकडली गेली. वॉरंटमध्ये तिचं नावसुद्धा धड लिहिलेलं नाही. तिने सांगितलं की माझ्याकडे एक लहानसा साप आहे, तो माझं बोट चोखतो. ही तिची कबुली धरली गेली. डिसेंबरमध्ये जामिनावर सुटेपर्यंत ती कैदेत होती. १७१० साली तिचा बाप, तोच विल्यम गुड, सरकारकडे अर्ज करतो : पोरीला अंधारकोठडीत साखळदंड घातले होते, ती इतकी भेदरली की तेव्हापासून तिला स्वतःचं भान नाही, तिचा सगळा भार माझ्यावर आहे. त्याला ३० पौंड भरपाई मिळाली. इथे विद्यार्थिनीने लिहिलं आहे की यापुढे दोन दिवस तिने काही वाचलं नाही. मला ते वाक्य भावुक वाटत नाही. जो इतिहासाचा विद्यार्थी या कागदाशी थांबत नाही, त्याच्या अभ्यासाबद्दल मला जास्त काळजी वाटेल.

एका बाबतीत मात्र माझं तिच्याशी पटलं नाही, आणि आमचा वाद इथे नमूद करतो. तिचा सगळा राग बाधा झालेल्या मुलींवर आहे. मला वाटतं, तो राग वर चढायला हवा होता. नऊ किंवा अकरा वर्षांच्या मुलीच्या नुसत्या बोलण्यावर वॉरंट निघत नसे. तक्रार करायला मोठी माणसं लागत, आणि ती बहुतेक पुरुष होती. टॉमस पटनमसारख्यांनी ती वारंवार केली. त्याच पटनमच्या घरची मोलकरीण मर्सी लुइस ही मेनच्या सरहद्दीवर वाबानाकी या मूलनिवासी लोकांशी झालेल्या लढायांत आईबाप गमावून आलेली पोर होती. मेरी बेथ नॉर्टन या इतिहासकार बाईंनी २००२ सालच्या आपल्या पुस्तकात ही सरहद्दीवरची भीती आणि सेलम यांचा सांधा जोडून दाखवला आहे. त्याआधी १९७४ मध्ये बॉयर आणि निसेनबॉम यांनी गावातली जमिनीची आणि पाद्र्याच्या नेमणुकीची भांडणं नकाशावर मांडली, आणि १९८७ मध्ये कॅरल कार्लसन यांनी दाखवलं की न्यू इंग्लंडमध्ये भाऊ किंवा मुलगा नसलेल्या, म्हणून मालमत्तेच्या वारस ठरू शकणाऱ्या बायकांवर चेटकाचे आरोप जास्त येत. राईच्या पिठावरच्या बुरशीने भास झाले, हा १९७६ चा तर्क अजूनही लोकप्रिय आहे. त्याच वर्षी तो खोडलाही गेला. बुरशीवर ढकललं की माणसं सुटतात, म्हणून तो टिकून राहिला असावा.

आता मुख्य मुद्दा. ‘त्यांनी विश्वास कसा ठेवला’ या प्रश्नाशी अडकून राहिलो तर सेलम आपल्याला कळणार नाही, कारण या खटल्यांना विरोध करणाऱ्यांचाही चेटकावर विश्वास होता. रिबेका नर्स ७१ वर्षांची, देवभोळी, गावात मान असलेली बाई. ती निर्दोष आहे असं ३९ शेजाऱ्यांनी सह्या करून सांगितलं. त्यांत जोनाथन पटनमचीही सही आहे, ज्याने आधी तिच्यावरच्या तक्रारीत सही केली होती. ज्यूरीने तिला निर्दोष ठरवलं. त्याबरोबर मुलींनी आकांत मांडला, आणि मुख्य न्यायाधीश विल्यम स्टॉटन यांनी ज्यूरीला तिच्या एका वाक्याचा पुन्हा विचार करायला सांगितलं. त्याचा अर्थ तिला विचारला गेला. ती कानाने अधू, वर दुःखाने खचलेली, तिने उत्तरच दिलं नाही. निकाल फिरला. १९ जुलैला सारा गुडबरोबर तीही फासावर गेली.

या सगळ्या निकालांचा कणा होता छायारूपाचा पुरावा. आरोपी बाई घरी झोपलेली असली तरी तिचं छायारूप माझ्या अंगावर आलं, असं एकीने सांगितलं की तो पुरावा धरला जाई. जी गोष्ट दिसते फक्त फिर्यादीला, ती खोडायची कशी? ऑक्टोबर १६९२ मध्ये हार्वर्डचे प्रमुख असलेले पाद्री इन्क्रीज मॅदर यांनी याच पुराव्यावर बोट ठेवलं. एका निरपराधाला शिक्षा होण्यापेक्षा संशय असलेल्या दहा चेटकिणी सुटल्या तरी चालतील, असं त्यांचं म्हणणं. चेटकिणी असतात याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. त्या महिन्याच्या अखेरीस गव्हर्नर विल्यम फिप्स यांनी हे खटले चालवणारं खास कोर्ट गुंडाळलं. जानेवारी १६९३ मध्ये नव्या कोर्टापुढे खटले उभे राहिले तेव्हा छायारूपाचा पुरावा बाजूला ठेवला होता, आणि बहुतेक सगळे सुटले. तिघींना दोषी ठरवलं, त्यांची फाशी फिप्सनी रोखली. ऑक्टोबर ते जानेवारी या तीन महिन्यांत मॅसॅच्युसेट्समधले लोक काही बुद्धिवादी झाले नव्हते. पुरावा कशाला म्हणायचं, एवढंच बदललं होतं, आणि तेवढ्याने माणसं वाचली. या नोंदींमधलं हे निरीक्षण विद्यार्थिनीचं स्वतःचं आहे, आणि मला ते तिच्या सगळ्या लिखाणातलं सर्वांत मोलाचं वाटतं.

पहिल्या खर्ड्यात तिने पानोपानी आपल्याकडच्या डाकीण प्रथेशी तुलना केली होती. ती मी कमी करायला लावली, आणि त्याचं कारण सांगायला हवं. सातपुड्यात, नंदुरबारच्या धडगाव-अक्कलकुवा भागात, बाईला डाकीण ठरवून मारहाण करणं, गावाबाहेर काढणं, जीव घेणं हे आजही घडतं. पण तिथे ठरवतो तो भगत आणि गाव. कोर्ट आलंच तर नंतर येतं, आणि त्या बाईच्या बाजूने येणं अपेक्षित असतं. सेलममध्ये कोर्टच मारत होतं. दोन्हींची सरमिसळ केली तर दोन्हीकडच्या बायकांवर अन्याय होतो. एक दुवा मात्र खरा आहे आणि तो मी ठेवायला सांगितला. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी ज्यासाठी आयुष्य वेचलं आणि २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांचा खून झाल्यावर ज्याचा आधी वटहुकूम आणि डिसेंबरात कायदा झाला, तो जादूटोणाविरोधी कायदा कुणाच्या श्रद्धेला हात लावत नाही. तो कृतीला हात घालतो : एखाद्या बाईला चेटकीण ठरवून तिचा छळ करणं हा गुन्हा आहे, मग छळणाऱ्याची श्रद्धा कितीही मनापासूनची असो. सेलमला कागदाकागदातून वाचलेल्या मुलीला या कायद्याची बांधणी लगेच कळली.

माफीबद्दलच्या नोंदींवर मी फार लिहीत नाही, वाचकाने त्या स्वतः पाहाव्यात. १६९७ च्या १४ जानेवारीला न्यायाधीश सॅम्युअल सूअल बोस्टनच्या चर्चमध्ये सगळ्यांदेखत उभे राहिले आणि दोष व लाज आपली आहे असं सांगणारं त्यांचं निवेदन वाचलं गेलं. ज्यूरीतल्या बारा जणांनीही क्षमा मागितली. १७०६ मध्ये बाधा झालेल्या मुलींतल्या ॲन पटनमने मागितली. १६९२ मध्ये ती बारा वर्षांची होती. आपल्या मनात वैर नव्हतं, सैतानाने भुलवलं, असं ती म्हणते. विद्यार्थिनीला ही माफी अपुरी वाटते, मला ती सेलममधली सर्वांत अवघड माफी वाटते, कारण ॲन ज्यांच्याविरुद्ध बोलली त्यांच्याच नातलगांसमोर ती वाचली गेली. स्टॉटन यांनी कधीच क्षमा मागितली नाही.

दप्तर तिथेही संपत नाही. अँडोव्हरची एलिझाबेथ जॉन्सन ही २२ वर्षांची मुलगी दोषी ठरली होती, फाशीतून वाचली. १७११ मध्ये अनेकांवरचा कलंक पुसून ५७८ पौंड १२ शिलिंगांची भरपाई वाटली गेली, त्यात तिचं नाव राहिलं. तिने स्वतः अर्ज केला, काही झालं नाही. १७४७ मध्ये ती वारली. तिच्यामागे भांडायला लेकरं नव्हती. अखेर नॉर्थ अँडोव्हरच्या शाळेतल्या आठवीच्या मुलांनी आपल्या शिक्षिकेबरोबर हे प्रकरण हाती घेतलं, कागद शोधले, आमदारांना पत्रं लिहिली, आणि २०२२ मध्ये मॅसॅच्युसेट्सने कायदा करून तिला दोषमुक्त केलं. शाळकरी मुलांनी दप्तर वाचून कायदा बदलून घेतला, हे आमच्या वर्गात मी मुद्दाम मोठ्याने वाचून दाखवलं.

नोंदी काळानुसार लावल्या आहेत, पण ज्यांच्याकडे वेळ थोडा आहे त्यांनी आधी मेरी ईस्टीवरचं टिपण वाचावं. ती रिबेका नर्सची बहीण. फाशीची शिक्षा झाल्यावर तिने न्यायाधीशांना अर्ज लिहिला. स्वतःचा जीव मागितला नाही. आपण मरणार हे तिने धरलंच होतं. तिने दोन गोष्टी मागितल्या : बाधा झालेल्या मुलींना वेगवेगळं ठेवून तपासा, आणि कबुली दिलेल्यांपैकी काहींवरही खटला चालवून बघा, म्हणजे पुढे निरपराधांचं रक्त सांडणार नाही. २२ सप्टेंबरला तिला आणखी सात जणांबरोबर फाशी दिली. त्या कोर्टाने दिलेल्या या शेवटच्या फाशी. विद्यार्थिनीने या अर्जाचं मराठी भाषांतर तीनदा केलं आहे आणि त्यातलं तिसरं इथे छापलं आहे.